घसरण्याचे शास्त्र, थांबण्याचे कौशल्य

विशेष प्रतिनिधी, अमरावती

मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठणाऱ्या अकोला-अमरावतीत बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर किंवा रसवंतीत. हिमवर्षाव आपल्या वाट्याला आलेला नाही. तरीही हिवाळी ऑलिंपिकची दृश्ये दूरचित्रवाणीवर सुरू झाली की नजर खिळून राहते. दोन अरुंद पट्ट्या पायांना बांधून माणूस मोटारीच्या वेगाने डोंगर उतरतो, वळणे घेतो आणि शेवटी हिमाचा फवारा उडवत जागीच थांबतो. तो इतक्या सहज घसरतो कसा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे थांबतो कसा? या दोन प्रश्नांची उत्तरे शालेय भौतिकशास्त्राच्या आधारे देता येतात. मात्र त्यातील एक उत्तर अनेक वर्षे चुकीचे सांगितले गेले. या शास्त्राचा आपल्याशी काय संबंध, असे वाटेल; पण पहिल्या पावसात महामार्गावर घसरणाऱ्या दुचाकीमागेही हेच नियम असतात.

उतार, वजन आणि घर्षण

उतारावर उभ्या असलेल्या वस्तूच्या वजनाचे दोन भाग पडतात. एक भाग तिला जमिनीवर दाबून धरतो, तर दुसरा उताराच्या दिशेने खाली ओढतो. या ओढीला विरोध करते ते घर्षण. दोन पृष्ठभागांमधील घर्षण किती, हे घर्षणांकाने सांगितले जाते. कोरड्या डांबरी रस्त्यावर रबरी टायरचा घर्षणांक साधारण ०.७ ते ०.८ असतो. ओल्या रस्त्यावर तो ०.४ च्या आसपास उतरू शकतो. चांगल्या हिमावर स्कीच्या पट्टीचा घर्षणांक मात्र अवघा ०.०२ ते ०.१ इतका असतो.

घर्षणांक ०.०५ धरला, तर जेमतेम तीन अंशांच्या उतारावरही स्की घसरत राहते. तीन अंशांचा उतार म्हणजे शंभर मीटर चालल्यावर सुमारे पाच मीटर खाली येणे. सायकलस्वाराला तो जाणवेल, पायी चालणाऱ्याच्या कदाचित लक्षातही येणार नाही. स्पर्धेतील डोंगरउतार याहून कितीतरी तीव्र असतात.

आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. पायथ्याचा परतवाडा-अचलपूर परिसर ३७० मीटरच्या जवळपास आहे. हा फरक साधारण साडेसातशे मीटरचा. पुरुषांच्या जागतिक दर्जाच्या ‘डाउनहिल’ स्पर्धेत प्रारंभ आणि शेवट यांच्या उंचीत ८०० ते १,१०० मीटरचा फरक ठेवला जातो. म्हणजे आपला घाट त्याच्या जवळपास जातो. आता कल्पना करा, की घर्षण नाही, हवाही नाही आणि एखादी वस्तू चिखलदऱ्याहून घसरत खाली आली. पायथ्याशी तिचा वेग ताशी सव्वाचारशे किलोमीटरहून अधिक भरेल. प्रत्यक्षात केवळ वेगासाठीच आखलेल्या सरळ उतारावरही स्कीपटूचा विक्रम ताशी २५५.५ किलोमीटरचा आहे. फ्रान्सच्या सिमॉन बिली याने तो २०२३ मध्ये फ्रान्समधील व्हार्स येथे केला. गणितातील आणि प्रत्यक्षातील वेगातला हा फरक मुख्यतः हवा आणि घर्षण यांनी खाऊन टाकलेला असतो.

बर्फ निसरडा का असतो?

प्रश्न साधा आहे, पण त्याने शास्त्रज्ञांना दीडशे वर्षांहून अधिक काळ गुंतवून ठेवले. बर्फ हा घन पदार्थ आहे. काच किंवा फरशीही घन आणि गुळगुळीत असते. तरी कोरड्या फरशीवर कोणी बर्फावरच्यासारखे घसरत नाही.

फार काळ दिले गेलेले उत्तर दाबाचे होते. दाब वाढला की बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जेम्स थॉमसन आणि त्यांचे बंधू विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी दाखवले. या तत्त्वाचा आधार घेऊन जॉन जॉली यांनी १८८६ मध्ये मांडले, की स्केटच्या पात्याखालचा बर्फ दाबाने वितळतो आणि त्या पाण्यावरून माणूस घसरतो. ही उपपत्ती सोपी आणि आकर्षक असल्याने पाठ्यपुस्तकांत रुजली.

आकडेमोड केल्यावर मात्र ती टिकत नाही. वितळणबिंदू एका अंशाने खाली आणण्यासाठी सुमारे १३५ वातावरणांइतका दाब लागतो. पंचाहत्तर किलो वजनाचा माणूस १७० सेंटिमीटर लांब आणि आठ सेंटिमीटर रुंद अशा दोन पट्ट्यांवर उभा राहिला, तर त्याचे वजन सुमारे २,७०० चौरस सेंटिमीटरवर पसरते. हा दाब एका वातावरणाच्या तिसाव्या हिश्शाहूनही कमी आहे. त्याने वितळणबिंदू खाली येईल तो एका अंशाच्या पाच हजाराव्या भागाएवढा! स्केटचे पाते अरुंद असते. ते तीन चौरस सेंटिमीटर बर्फावर टेकते असे धरले, तरी परिणाम पाव अंशापर्यंतही पोहोचत नाही. उणे वीस अंशांतही लोक स्केटिंग करतात, हे लक्षात घेतले की दाबाचे उत्तर अपुरे असल्याचे स्पष्ट होते.

अधिक पटणारे उत्तर दोन भागांत मिळते. पहिला भाग मायकेल फॅरेडे यांच्या निरीक्षणातून पुढे आला. बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले की ते चिकटतात. बर्फाच्या भांड्यात ठेवलेल्या खड्यांचा हा अनुभव घरोघरी येतो. यावरून फॅरेडे यांनी १८५० मध्ये तर्क केला, की बर्फाच्या पृष्ठभागावर द्रवासारखा अतिशय पातळ थर असतो. आतल्या रेणूंना चोहोबाजूंनी शेजारी धरून ठेवतात, पण काठावरच्या रेणूंना वरून आधार नसतो, म्हणून ते सैल असतात. ॲमस्टरडॅम आणि माइन्झ येथील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले, की हे सैल रेणू पृष्ठभागावर सहज फिरू शकतात आणि त्यांच्या प्रयोगांत बर्फ उणे सात अंशांच्या आसपास सर्वाधिक निसरडा आढळला.

दुसरा भाग घर्षणातून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा. थंडीत तळहात एकमेकांवर चोळले की ते गरम होतात, तसेच घसरणाऱ्या पट्टीखालचे हिमकण तापतात आणि त्यांच्या टोकांवर पाण्याचा सूक्ष्म थर तयार होतो. फ्रँक बाउडन आणि टी. पी. ह्यूज यांनी स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख येथे प्रयोग करून १९३९ मध्ये हे मांडले. उष्णता पटकन वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्टीवर घर्षण अधिक आढळते, हा त्यांचा महत्त्वाचा पुरावा होता. म्हणजे घर्षणच घर्षण कमी करण्याची सोय करते. पृष्ठभागावरच्या रेणूंचे नेमके काय होते, यावरची चर्चा मात्र आजही चालू आहे.

काळ्या मातीचा दाखला

पाण्याच्या या थराचे महत्त्व वऱ्हाडातील शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानात पाय घसरत नाही. कोरडी ढेकळे पायाला टोचतात. पावसाच्या पहिल्या सरीनंतर तीच माती पांदणीत इतकी निसरडी होते, की बैलही पाय जपून टाकतात. आणखी मुरून लगदा झाला की ती चपलेला किलोकिलोने चिकटते आणि पाय उचलणे कठीण होते. माती एकच, घसरण ठरते ती तिच्यात पाणी किती आणि कोठे आहे यावर. काळ्या मातीतील चिकणमातीचे कण चपट्या पत्र्यांसारखे असतात. त्यांच्यामध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि पत्रे एकमेकांवरून सरकू लागतात.

हिमाचा स्वभाव काहीसा असाच आहे. त्यामागची कारणे मात्र वेगळी आहेत. कडाक्याच्या थंडीत, उणे तीस अंशांच्या आसपास, पट्टीखाली पुरेसे पाणी तयार होत नाही आणि हिम वाळूसारखे खरखरीत लागते. रॉबर्ट स्कॉट यांच्या पथकाला १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना अशाच हिमावरून घसरगाड्या ओढाव्या लागल्या होत्या. उलट, ऊन लागून हिम पाणथळ झाले, की पट्टीखाली पाणी अधिक होते आणि ते पट्टीला शोषल्यासारखे धरून ठेवते. उत्तम घसरण या दोन टोकांच्या मध्ये मिळते.

म्हणून स्कीच्या तळाला पॉलिथिलीनच्या एका विशेष प्रकाराचा थर असतो, त्यावर सूक्ष्म रेषा कोरलेल्या असतात आणि हवामान पाहून त्याला मेण लावले जाते. थंड, टोकदार कणांच्या हिमासाठी कठीण मेण आणि ओल्या हिमासाठी मऊ, पाणी झटकणारे मेण, अशी निवड करावी लागते. फ्लोरिनयुक्त मेणे पाणी झटकण्यात फार प्रभावी होती. परंतु आरोग्य आणि पर्यावरण यांना असलेल्या धोक्यामुळे आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत २०२३-२४ च्या हंगामापासून त्यांच्यावरील बंदी पूर्णपणे लागू झाली.

वळायचे आणि थांबायचे कसे?

घसरणे हा या खेळाचा अर्धाच भाग आहे. ताशी १३० किलोमीटर वेगाने येणारा स्कीपटू सपाट हिमावर केवळ पट्टीच्या घर्षणाने थांबू लागला, तर हवेचा अडथळा वगळता त्याला एक किलोमीटरहून अधिक अंतर लागेल. त्यामुळे घर्षण हवे तेव्हा वाढवता येणे हेच खरे कौशल्य ठरते.

स्कीच्या दोन्ही बाजूंना पोलादी कडा असतात. पट्टी सपाट ठेवली की ती घसरते. ती एका बाजूला कलवली की कड हिमात रुतते आणि हिमाची छोटी भिंत तिला आडवी येते. वळणासाठी लागणारे अभिकेंद्री बल ही भिंत पुरवते. ताशी ७२ किलोमीटर वेगाने २५ मीटर त्रिज्येचे वळण घ्यायचे, तर शरीराच्या वजनाच्या दीडपटीहून अधिक बल आडव्या दिशेने लागते. कोरड्या डांबरावर साध्या मोटारीचे टायरही एवढे बल देऊ शकत नाहीत. म्हणून स्कीपटू वळणाच्या आतल्या बाजूला इतका झुकतो, की त्याचा हात हिमाला टेकतो. आधुनिक स्की मध्यभागी अरुंद आणि टोकांना रुंद असते. कलल्यावर व दाबल्यावर ती कमानीसारखी वाकते आणि त्या कमानीच्या मार्गानेच वळते.

काश्मीरमधील गुलमर्ग, उत्तराखंडमधील औली किंवा हिमाचलमधील मनाली परिसरात स्कीइंग शिकायला जाणाऱ्यांना सुरुवातीच्या धड्यांतच पडायचे कसे आणि थांबायचे कसे हे शिकवले जाते. पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणि मागची टोके दूर, असा पाचरीसारखा आकार करून आतल्या कडा हिमावर दाबायच्या. पाचर रुंद केली की वेग कमी होतो. हे जमल्याशिवाय उंच उतारावर जाऊ नये, हा साधा नियम पाळला नाही तर गुडघ्याला गंभीर इजा होऊ शकते.

घर्षणावरची ही हुकमत अमरावतीला परकी नाही. येथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळ व व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. योगायोग असा, की त्याच वर्षी फेब्रुवारीत जर्मनीतीलच गार्मिश-पार्टेनकिर्शेन येथे झालेल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये डोंगरउतारावरील स्कीइंगचा प्रथमच समावेश झाला होता. मल्लखांबाच्या गुळगुळीत लाकडाला एरंडेल तेल लावतात, कारण कातडी न सोलता अंग सरकले पाहिजे. परंतु हवे तेथे मांड्यांची व हातांची मिठी आवळून मल्ल स्वतःला जागीच थोपवतो. मिठी आवळणे म्हणजे पृष्ठभागावरचा दाब वाढवून घर्षण वाढवणे. स्कीपटू हेच काम कडेच्या साहाय्याने करतो.

हवेशी झुंज

वेग कमी असताना स्कीपटूचा मुख्य विरोधक हिमाचे घर्षण असते. वेग वाढला की हवा ती जागा घेते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट होतो. म्हणून स्कीपटू गुडघे वाकवून, पाठ सपाट ठेवून आणि हात पुढे घेऊन अंग आवळतो. फ्रान्सचा जोहान क्लॅरे याने २०१३ मध्ये स्वित्झर्लंडमधील वेंगेन येथे डाउनहिल स्पर्धेत ताशी १६१.९ किलोमीटरचा वेग गाठला, तो अशाच पवित्र्यात.

स्की-उडीत मात्र हवा मित्र होते. उडी घेतल्यावर खेळाडू पुढे झुकून पट्ट्या इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या फाकवतो आणि विमानाच्या पंखाप्रमाणे हवेचा आधार घेतो. स्वीडनच्या यान बोकलॉव्ह याने ही पद्धत १९८० च्या दशकात रूढ केली. शंभर मीटरहून लांब उडी मारून तो सुखरूप उतरतो, कारण खालचा उतार त्याच्या मार्गाशी जवळजवळ समांतर राखलेला असतो. जमिनीवर तो आदळत नाही, तिरका टेकतो.

घसरगाड्यांचा खेळ

ल्यूज, स्केलेटन आणि बॉबस्ले हे बर्फाच्या पन्हळीतून घसरण्याचे प्रकार. ल्यूजमध्ये खेळाडू उताणा झोपून पाय पुढे ठेवतो, तर स्केलेटनमध्ये पालथा झोपून डोके पुढे ठेवतो. येथे जड खेळाडूला थोडा लाभ होतो. गुरुत्वाकर्षणाची ओढ आणि घर्षण दोन्ही वजनाच्या प्रमाणात वाढतात, परंतु हवेचा अडथळा शरीराच्या आकारावर अवलंबून असतो. त्यामुळे जड शरीराला हवा तुलनेने कमी रोखते. म्हणूनच ल्यूजमध्ये हलक्या खेळाडूंना मर्यादेत जास्तीचे वजन बाळगण्याची मुभा असते, तर बॉबस्लेत एकूण वजनावर कमाल मर्यादा असते.

हिमाचल प्रदेशचा शिव केशवन १९९८ च्या नागानो स्पर्धेपासून २०१८ पर्यंत सलग सहा हिवाळी ऑलिंपिकमध्ये ल्यूजमध्ये उतरला. देशात बर्फाची पन्हळ नसल्याने त्याने चाके लावलेल्या घसरगाडीवर हिमालयातील रस्त्यांवर सराव केला. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये गुलमर्गचा आरिफ खान हा भारताचा एकमेव खेळाडू होता. जायंट स्लॅलममध्ये त्याने ४५ वे स्थान मिळवले.

वऱ्हाडच्या रस्त्यावर तेच गणित

स्कीपटूला हवा असलेला पाण्याचा थर वाहनचालकाला मात्र घातक ठरतो. रस्त्यावर साचलेले पाणी टायरच्या खाचांतून बाहेर पडायला वेळ मिळाला नाही, तर टायर पाण्यावर उचलला जातो आणि सुकाणू व ब्रेक दोन्ही निकामी होतात. चाकांत साधारण ३० पौंड हवा असलेल्या मोटारीसाठी हा धोका ताशी ९० किलोमीटरच्या आसपास संभवतो. टायर गुळगुळीत झाला असेल, तर त्याहून कमी वेगातही असे घडू शकते. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिसळून निसरडा लेप तयार होतो. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते, तेव्हा दुचाकीस्वारांसाठी तो भाग अक्षरशः बर्फाचा होतो.

अमरावती-अकोला दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी काँक्रीटचा थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची नोंद गिनेस विक्रमात झाली. रस्ता चांगला झाला की वेग वाढतो. थांबण्याचे अंतर मात्र वेगाच्या वर्गाने वाढते, हे विसरून चालत नाही.

ताशी ८० किलोमीटर वेगात ब्रेक लावल्यानंतर लागणारे अंतर

(चालकाला भान येण्यास लागणारा वेळ वगळून, सपाट रस्त्यावर)

- कोरडा डांबरी रस्ता (घर्षणांक ०.७): सुमारे ३६ मीटर
- ओला रस्ता (०.४): सुमारे ६३ मीटर
- बर्फ किंवा तेवढाच निसरडा लेप (०.१): सुमारे २५० मीटर

वेग ताशी ४० किलोमीटरवर आणला, तर ही तिन्ही अंतरे एक चतुर्थांश होतात. निसरड्या भागावर वाहन आले असता ब्रेक एकदम दाबू नये, सुकाणू झटक्याने फिरवू नये. वेग हळूहळू उतरू द्यावा. पावसाळ्यापूर्वी टायरच्या खाचा व हवेचा दाब तपासून घ्यावा, आणि पुढच्या वाहनापासूनचे अंतर कोरड्या दिवसांच्या किमान दुप्पट ठेवावे. स्कीपटूकडे रुतवायला पोलादी कड तरी असते. दुचाकीस्वाराकडे तळहाताएवढ्याही जागेवर न टेकणारी दोन चाके असतात, आणि निसरड्या रस्त्यावर त्यांची पकड टिकवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे वेग आधीच कमी करणे.